घाटकोपर: मेट्रो जिथे जमिनीवर उतरते

या व्याख्यानमालेत आज आपण एका स्थानकाबद्दल बोलणार आहोत. एका अख्ख्या मेट्रो मार्गाबद्दल नाही, शहराच्या वाहतूक आराखड्याबद्दलही नाही. फक्त एक स्थानक आणि त्याच्या भोवतीचा पाच-दहा मिनिटं चालण्याएवढा परिसर. ते स्थानक म्हणजे मुंबईच्या मेट्रो एकचं घाटकोपर.

उन्नत मेट्रो म्हटलं की आपली नजर वर जाते. खांब, पूल, वरून सुळकन जाणारी गाडी. पण आमचं म्हणणं असं आहे की उन्नत स्थानकाचं यशापयश वर ठरत नाही. ते ठरतं जिन्यावर, जोडपुलावर आणि जिना जिथे संपतो त्या फुटपाथवर. घाटकोपरला ही गोष्ट फार स्पष्ट दिसते, कारण हे स्थानक अतिशय यशस्वी आहे आणि त्या यशामुळेच ते धोक्याच्या कडेवरही उभं आहे.

उभं शहर आणि आडवा प्रवास

आधी घाटकोपरच का, ते बघू. मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. शहर उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद. रेल्वे त्याच आकाराने वाढली. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली, ती आजची मध्य रेल्वे. पुढे पश्चिमेकडचा मार्ग आला, मग हार्बर. सगळे मार्ग मुख्यतः उभे. म्हणजे घाटकोपरहून दक्षिणेला दादरला जाणं सोपं, पण पश्चिमेला अंधेरीला जाणं कठीण. हे अंतर पक्ष्याने उडून जायचं म्हटलं तर थोडं आहे; माणसाला मात्र एक तर दादरपर्यंत खाली जाऊन गाडी बदलून पुन्हा वर यावं लागे, नाहीतर बेस्टची ३४० नंबरची बस पकडून साकीनाक्याच्या कोंडीत बसून राहावं लागे.

गंमत अशी की आडव्या रेल्वेचा एक प्रयोग मुंबईत फार पूर्वी झाला होता. अंधेरी ते तुर्भे (म्हणजे ट्रॉम्बे) अशी कुर्ल्यावरून जाणारी साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे १९२८ साली सुरू झाली आणि १९३४ साली बंदही पडली. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम उपनगरांना थेट जोडणारी नवी शहरी रेल्वे यायला तब्बल ऐंशी वर्षं गेली. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली. लांबी ११.४ किलोमीटर, स्थानकं १२, सगळी उन्नत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २१ मिनिटं.

आता या बारा स्थानकांमध्ये घाटकोपर वेगळं का? कारण ते शेवटचं स्थानक आहे आणि त्याच ठिकाणी मध्य रेल्वेचं स्थानक आहे, जिथे जलद गाड्याही थांबतात. ठाणे, डोंबिवली, कल्याणकडून येणारा माणूस इथे उतरतो आणि चकाला, मरोळ, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीकडे कामाला जातो. संध्याकाळी हाच ओघ उलटा. कामाच्या दिवशी या मार्गावर साडेचार-पाच लाखांच्या घरात प्रवास होतात आणि त्यांतला मोठा वाटा घाटकोपरच्या जिन्यांवरून जातो. २०१४च्या आधी घाटकोपर हे मध्य रेल्वेवरचं एक गजबजलेलं उपनगरी स्थानक होतं. एका दिवसात ते जंक्शन झालं. मेट्रोचा भाग नवा होता, पण रेल्वेचे फलाट, पूल आणि बाहेरचे रस्ते मात्र जुनेच राहिले.

खांबांवर का बांधतात?

पुष्कळ जण विचारतात, एवढ्या दाट वस्तीत मेट्रो जमिनीखालून का नेली नाही? पहिलं कारण पैसा. भुयारी मेट्रोचा किलोमीटरमागचा खर्च उन्नत मेट्रोच्या साधारण दुप्पट-तिप्पट होतो. दुसरं कारण वेळ आणि बांधकामाची जोखीम. तिसरं असं की उन्नत मार्गाला खासगी जमीन कमी लागते; रस्ता आधीच सरकारी असतो, त्याच्या मधोमध खांब उभे केले की वर मार्ग तयार.

पण फुकट काहीच मिळत नाही. भुयारी मेट्रोत किंमत पैशात मोजली जाते. उन्नत मेट्रोत किमतीचा काही भाग रस्ता मोजतो. खांबामुळे रस्त्याची रुंदी कमी होते. शेजारच्या इमारतींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांसमोर गाडी येते. आणि स्थानकाचे जिने? ते बहुतेक वेळा फुटपाथवर उतरतात. म्हणजे ज्या पादचाऱ्यासाठी स्थानक बांधलं, त्याचीच चालायची जागा जिना खाऊन टाकतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पादचाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मिळायला हवी. कुठल्याही उन्नत स्थानकाच्या जिन्याच्या पायथ्याशी उभे राहा आणि जिन्याची भिंत व गटाराची कडा यांमध्ये किती जागा उरली ते बघा. पुष्कळ ठिकाणी दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत.

तीन मजले, ऐंशी पायऱ्या

उन्नत स्थानकाची रचना साधारण तीन मजल्यांची असते. खाली रस्ता. मधला मजला तिकिटांचा: खिडक्या, सुरक्षा तपासणी, तिकीट टेकवायची फाटकं. त्याच्या वर फलाट. खालून बस-ट्रक जायला साडेपाच मीटर उंची मोकळी ठेवावी लागते, त्यावर मधला मजला, त्यावर फलाट. फलाट जमिनीपासून बारा मीटरच्या आसपास गेला असं धरू. एक पायरी पंधरा सेंटिमीटरची, म्हणजे ऐंशी पायऱ्या. चार मजले चढण्यासारखं झालं.

सरकते जिने आणि लिफ्ट असतात, बरोबर. पण लिफ्ट सगळ्याच जिन्यांपाशी नसते. गुडघे दुखणारी आजी, कडेवर पोर घेतलेली बाई, कुबड्या घेऊन चालणारा माणूस यांच्यासाठी प्रश्न 'स्थानकात लिफ्ट आहे का' हा नसून 'मी रस्त्याच्या ज्या बाजूला उभी आहे तिथे लिफ्ट आहे का' हा असतो. लिफ्ट पलीकडे असेल आणि मध्ये न थांबणारा रस्ता असेल, तर कागदावर स्थानक सर्वांसाठी सुगम, प्रत्यक्षात अर्ध्यांसाठीच.

घाटकोपरला यात आणखी एक टप्पा वाढतो. लोकलचे फलाट जमिनीवर. तिथून पादचारी पूल चढायचा, पुलावरून मेट्रोच्या मधल्या मजल्यावर यायचं, तपासणी करून घ्यायची, पुन्हा फलाटाकडे चढायचं. तिकीटही वर्षानुवर्षं वेगळंच काढावं लागे, कारण रेल्वे वेगळी आणि मेट्रो वेगळी. मेट्रोने वाचवलेली मिनिटं इथे परत खर्च होतात. म्हणून प्रवासाचा वेळ मोजायचा तर दारापासून दारापर्यंत मोजायला हवा, फलाटापासून फलाटापर्यंत नाही.

जिन्याचं गणित

आता थोडं गणित करू. अवघड नाही, वहीच्या मागच्या पानावर मावेल एवढंच आहे.

मेट्रो एकची गाडी चार डब्यांची. खच्चून भरली की तीत साधारण पंधराशे माणसं मावतात. घाटकोपर शेवटचं स्थानक, म्हणजे गाडीत असतील तेवढे सगळे इथे उतरणार. समजा, संध्याकाळी एका गाडीतून बाराशे जण उतरले आणि पुढची गाडी चार मिनिटांनी आली. फलाट सुरक्षित ठेवायचा तर हे बाराशे जण दोन-अडीच मिनिटांत खाली गेले पाहिजेत. नियोजनात एक ढोबळ आकडा वापरतात: एक मीटर रुंदीच्या जिन्यावरून एका दिशेने मिनिटाला पन्नास-साठ माणसं जातात. सरकत्या जिन्यावरून साधारण शंभर. म्हणजे दोन मिनिटांत बाराशे जणांना खाली आणायला मिनिटाला सहाशेंची सोय हवी. तीन सरकते जिने चालू असतील तर तीनशे. उरलेल्या तीनशेंसाठी पाच-सहा मीटर रुंदीचे साधे जिने, तेही फक्त उतरणाऱ्यांसाठी. समोरून चढणारे आले की हा आकडा घसरतो. एक सरकता जिना बंद पडला की सगळं गणित बिघडतं.

आणि हे झालं फक्त मेट्रोच्या बाजूचं. खाली त्याच क्षणी बारा डब्यांची लोकल आली, तर तिच्यातून उतरणारे त्याच पुलावर वर येतात. सकाळी उलटा प्रकार होतो. लोकल एका दमात शेकडो माणसं ओतते, पण मेट्रोची तपासणी आणि फाटकं त्यांना ठरावीक वेगानेच आत घेतात. मग रांग मागे सरकत सरकत पुलावर येते. पूल हा चालण्यासाठी असतो, उभं राहण्यासाठी नाही. ज्या क्षणी चालण्याच्या जागेवर रांग लागते, त्या क्षणी धोका सुरू होतो.

हा धोका आम्ही उगाच रंगवून सांगत नाही. २९ सप्टेंबर २०१७ला सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरच्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. पाऊस आला, लोक आडोशाला पुलावरच थांबले, खालून गाड्यांमधून माणसं येतच राहिली. पूल पडला नव्हता, गाडी घसरली नव्हती. जागा तेवढीच होती आणि माणसं वाढत गेली. परळ-लोअर परळच्या गिरण्या जाऊन तिथे कार्यालयं आली, पण जिना गिरणीच्या काळातल्या गर्दीचाच राहिला. घाटकोपरची गोष्ट याच जातीची आहे: भोवतालचा वापर बदलला की जुन्या जिन्याचं वय एकदम वाढतं.

आणखी एक बारकावा. मेट्रो एकचे फलाट सहा डब्यांची गाडी उभी राहील असे बांधलेले आहेत. त्यामुळे 'डबे वाढवा' ही मागणी अगदी रास्त आहे. पण डबे वाढले की एका वेळी उतरणारी माणसंही दीडपट होतात. गाडी मोठी करताना जिना आणि पूल मोठे केले नाहीत, तर आपण गर्दी डब्यातून काढून पुलावर नेऊन ठेवू, एवढंच.

त्याच वर्षी आलेली मोनोरेल

परिसराचं महत्त्व किती असतं, याचा पुरावा मुंबईनेच दिला आहे. मेट्रो सुरू झाली त्याच वर्षी, चार महिने आधी, फेब्रुवारी २०१४मध्ये चेंबूर ते वडाळा मोनोरेल सुरू झाली. तीही उन्नत, तीही नवी, वातानुकूलित. पण मेट्रो पहिल्या दिवसापासून भरून गेली आणि मोनोरेल वर्षानुवर्षं रिकामी धावली.

कारण गाडीत शोधू नका, स्थानकाबाहेर शोधा. मोनोरेलच्या पहिल्या टप्प्यातली कितीतरी स्थानकं तेलशुद्धीकरण आणि खत कारखान्यांच्या कुंपणांमधून जातात. जिना उतरलात की समोर भिंत. ना वस्ती, ना बाजार, ना उपनगरी रेल्वेशी घट्ट जोड. मोनोरेलला गर्दी झेपेल का हा पुढचा प्रश्न होता; मुळात चालत येणारी माणसंच जवळ नव्हती. उलट घाटकोपरला जिना उतरलात की पश्चिमेला बाजार आणि पुढे लालबहादूर शास्त्री मार्ग, पूर्वेला निवासी वस्ती आणि दुकानं, आणि खाली लोकल.

जिन्याखालची जमीन कोणाची?

आता जिना उतरून खाली येऊ. स्थानकाच्या तोंडाशी कोण कोण असतं? रिक्षा, शेअर रिक्षा, बेस्टचा थांबा, वडापाववाला, भाजीवाली, मोबाइलची कव्हरं विकणारा, दुचाक्या लावलेल्या, आणि या सगळ्यांतून वाट काढणारे हजारो.

सोपं उत्तर असं की फेरीवाले हटवा. एल्फिन्स्टनच्या घटनेनंतर २०१७मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकापासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. जिन्याच्या तोंडाशी मोकळी जागा हवीच, त्यावर वाद नाही. पण फेरीवाला तिथे का बसतो तेही समजून घ्यायला हवं. संध्याकाळी साडेसातला गाडीतून उतरलेल्या बाईला घरी जाता जाता भाजी घ्यायची असते. वेगळ्या मंडईत जायला तिला वेळ नसतो. म्हणजे स्थानकाजवळचा बाजार ही प्रवासाचीच गरज आहे. त्याला जागा न देता फक्त हाकललं, तर तो संध्याकाळी सहाला परत येतो, आणि येतो तो नेमका सगळ्यात अरुंद ठिकाणी. जिन्यापासून थोडं दूर, पण रोजच्या वाटेवरच, आखलेली जागा दिली तर दोघांचं भागतं.

खरी अडचण मालकीची आहे. लोकलचा फलाट मध्य रेल्वेचा. मेट्रोचं स्थानक मेट्रो कंपनीचं. फुटपाथ आणि रस्ता महापालिकेचा, तिथला 'एन' विभाग. बस बेस्टची. रिक्षांची शिस्त वाहतूक पोलिसांची. चालणारा माणूस एकच, पण तीनशे मीटरमध्ये तो पाच यंत्रणांच्या हद्दीतून जातो. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत काम नीट केलं म्हणतो आणि तरी दोन हद्दींच्या सांध्यावर पायरी तुटलेली असते.

टेकडीवरची माणसं

घाटकोपरच्या आधीची दोन स्थानकं, असल्फा आणि जागृती नगर. तिथे मेट्रो टेकडीच्या पायथ्याशी जाते आणि टेकडीवर दाट वस्ती आहे. काही वर्षांपूर्वी स्वयंसेवकांनी असल्फ्याच्या टेकडीवरच्या घरांच्या भिंती रंगीबेरंगी केल्या. आता मेट्रोतले प्रवासी खिडकीतून फोटो काढतात. फोटो छानच येतो. पण त्या घरांतून स्थानकावर यायचं तर आधी वस्तीतल्या अरुंद पायऱ्या उतरायच्या, मग रस्ता ओलांडायचा, मग मेट्रोचा जिना चढायचा. पावसाळ्यात तर विचारूच नका.

भाड्याचाही विचार करा. मेट्रो एकचं किमान भाडं १० रुपये, कमाल ४०. लोकलचं सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये, आणि पास काढला की त्याहून स्वस्त. घरकामाला जाणारी बाई दोन्ही वेळा मेट्रो आणि शिवाय शेअर रिक्षा परवडेल का, असा हिशेब करते. स्थानक घराशेजारी आलं म्हणजे ते आपल्या आवाक्यात आलं असं नसतं. आवाका पायऱ्यांनी ठरतो, रुपयांनी ठरतो आणि रात्री दहाला त्या वाटेवर दिवा आहे की नाही यानेही ठरतो.

मग करायचं काय?

चांगल्या जोडण्या याच शहरात झाल्या आहेत. जानेवारी २०२३मध्ये मेट्रो सातचं गुंदवली स्थानक सुरू झालं, ते मेट्रो एकच्या पश्चिम द्रुतगती महामार्ग स्थानकाला पादचारी पुलाने जोडलेलं आहे. उतरून महामार्ग ओलांडायची गरज नाही. घाटकोपरलाही रेल्वेच्या बाजूने उन्नत डेकचं काम मुंबई रेल्वे विकास महामंडळाने हाती घेतलं. दिशा बरोबर आहे, कारण डेक म्हणजे माणसाला थांबायला आणि पांगायला जागा. केंद्राच्या २०१७च्या मेट्रो धोरणातही असं म्हटलं आहे की प्रकल्पाचा आराखडा करतानाच स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटरमधल्या पूरक बस, चालण्याच्या आणि सायकलच्या वाटा दाखवल्या पाहिजेत. मेट्रो एक या धोरणाच्या आधीची. पण पुण्यात, नागपुरात, ठाण्यात आज जी कामं चालू आहेत त्यांना ही सबब नाही.

आमच्या मते प्रत्येक उन्नत स्थानकासाठी तीन गोष्टी गाडी धावण्याआधी ठरल्या पाहिजेत. एक, जिन्यांची आणि पुलांची रुंदी आजच्या नव्हे तर पूर्ण भरलेल्या, पूर्ण लांबीच्या गाडीच्या हिशेबाने. दोन, जिन्याच्या पायथ्यापासून सलग, न तुटणारा फुटपाथ, निदान पाच मिनिटं चालण्याइतका. तीन, या सगळ्या परिसराची जबाबदारी असलेला एकच अधिकारी, ज्याचं नाव आणि फोन नंबर स्थानकावर लावलेला असेल. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त आहे आणि तीच आजवर सगळ्यात अवघड ठरली आहे.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न: कार्यालयांच्या वेळा बदलल्या तर गर्दी कमी होणार नाही का?*

काही प्रमाणात होईल. अर्ध्या तासाचा फरक पडला तरी जिन्यावरचा ताण उतरतो, आणि त्याला काँक्रीट लागत नाही. पण गृहिणी-नोकरदार स्त्रीचं वेळापत्रक मुलांच्या शाळेला बांधलेलं असतं, कारखान्यातल्या कामगाराचं पाळीला. ज्यांना वेळ बदलणं शक्य आहे त्यांनी बदलावी. ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी रुंद जिना लागणारच.

*प्रश्न: आम्ही साध्या प्रवाशांनी काय करावं?*

आपल्या स्थानकाची मोजणी करा. गर्दीच्या वेळी गाडी थांबल्यापासून फलाट रिकामा व्हायला किती मिनिटं लागतात, घड्याळ लावून आठवडाभर लिहून ठेवा. कुठला सरकता जिना किती दिवस बंद होता, फुटपाथ कुठे १.८ मीटरपेक्षा अरुंद आहे, तेही लिहा. 'फार गर्दी असते' या तक्रारीला उत्तर मिळत नाही. 'दक्षिणेकडचा सरकता जिना सलग अकरा दिवस बंद, फलाट रिकामा व्हायला पाच मिनिटं, गाडी मात्र चार मिनिटांनी' असं लिहिलंत तर ते टाळणं कुठल्याही कार्यालयाला कठीण जातं. अर्ज मात्र एकाच कार्यालयाला नको. रेल्वे, मेट्रो आणि महापालिका, तिघांनाही एकाच दिवशी द्या आणि प्रत्येक प्रतीवर उरलेल्या दोघांची नावं लिहा.